बांडीचा पीई

मी एक म्हातारी शेळी आहे आणि माझा तुमच्यावर राग आहे.

मित्रांनो म्हणते, कारण अशा गोष्टीत तसं म्हणायची पद्धत आहे. तुम्ही माझे मित्र नाहीत. तुमच्यातल्या एकानं तरी मला कधी पाला टाकला? नाही ना. मग गप ऐका.

माझा जन्म राणीसावरगावचा, मनकर्णाबाईच्या अंगणातला. अंगानं मी काळी, पोटावर पांढरा पट्टा, म्हणून नाव पडलं बांडी. मनकर्णाबाईची लेक विजयमाला. तिचं लग्न झालं तेव्हा आईनं भांडी दिली, कपाट दिलं आणि मला दिलं. भांडी-कपाट सासरचं झालं. मी विजयमालाचीच राहिले. आमच्याकडं शेळी बाईची असते. पिल्लू विकलं की तो पैसा बाईच्या हातात. त्यातून ती लेकराला चप्पल घेईल नाहीतर माहेरी जायचं तिकीट काढेल, कोणी विचारत नाही.

सासर म्हणजे ताडकळसपासून तासाभराच्या चालीवरचं गाव. घरात विजयमाला, तिचा नवरा अमृत आणि सासू कासाबाई.

पहिल्या वर्षी मी जुळी दिली. तेव्हा माझं काय कौतुक! कासाबाई गल्लीत सांगायची, "सून आली अन् घरात दूध आलं." दूध मी देत होते, नाव सुनेचं. बरं, ते सोडा. पिल्लं मोठी झाली की कोणीतरी यायचं, कान धरून घेऊन जायचं. मी घसा बसेपर्यंत ओरडायची. कासाबाई म्हणायची, "गप की गं, डोकं उठवलंस." हे सगळं वर्षावर्षाला. मागच्या वर्षी मी एकदम तीन दिली. तिन्ही गेली.

आता अमृतचं सांगते.

अमृत ताडकळसला जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात कामाला आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून त्याची बोटं काळी झालीत. शाळा बारावीपर्यंत. पुढचं सगळं फोनवर शिकला. आणि आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त माझ्या दावणीपाशी. त्यामुळं त्याचा शेअर बाजाराचा क्लास माझ्या डोक्यावर भरायचा. मी रवंथ करायची आणि तो माणूस फोनमधून बडबडायचा. ऐकून ऐकून मला पीई पाठ झाला. तुम्हाला येत नसेल. थांबा, सांगते.

शेअरच्या भावाला कमाईनं भागायचं, बस. अमृतनं एक वीज तयार करणारी कंपनी हेरली होती. नाव लांबलचक होतं, घरात सगळे तिला पॉवरवाली म्हणायचे. तिचा एक शेअर एकशेवीस रुपयाला. एका शेअरमागं तिनं वर्षात कमावले वीस. एकशेवीस भागिले वीस, सहा. झाला पीई. म्हणजे कमाई अशीच राहिली तर सहा वर्षांत पैसे वसूल.

कमाई अशीच राहिली तर. एवढं वाक्य तो फोनमधला माणूस भरभर म्हणून टाकायचा. मला ऐकू यायचं, माझे कान लांब आहेत. अमृतला नाही यायचं.

एकदा पीई हातात आला म्हटल्यावर तो दिसेल त्याला लावायला लागला. मालकाच्या दुकानाचा काढला. शेजाऱ्याच्या म्हशीचा काढला. एका सकाळी माझ्याकडं वळला.

"बांडीचा भाव बारा हजार धर," तो विजयमालाला म्हणाला. ती लेंड्या झाडत होती. "मागल्या वर्सी पिल्लांचे आठ आले. बारा भागिले आठ. दीड! आयला, बांडीचा पीई दीड हाय!"

"मंग?"

"मंग काय, हिला इकून पॉवरवालीचे शंभर शेअर येतेत."

विजयमालाचा खराटा थांबला. "दीडवाली इकून सहावाली कामून घ्यायलाव? तुमच्याच हिसाबानं मपली शेळी स्वस्त हाय की."

"येडी का तू? शेळीची बरोबरी शेळीशी करायची, कंपनीची कंपनीशी. बाकीच्या वीजवाल्या कंपन्या अठराला चालायल्यात. ही एकटी सहाला हाय. म्हंजे लोकांला आजून कळलं न्हाई."

"सगळ्या दुनियेला कळलं न्हाई, अन् मोटारी भरणाऱ्याला कळलं."

"वीज मला कळती."

"कळती तर परवा शॉक कामून बसला?"

मला हसता येत नाही. मी नाकातून फुर्र केलं.

विजयमाला थांबली नाही. "अन् तो फोनवाला बाबा शेवटी काय म्हणला? मी बी ऐकलं हितं बसून. पॉवरवाली सरकारला वीज इकती ती जुन्या करारानं, चढ्या भावानं. तो करार औंदा संपायलाय. मंग पुढं?"

"पुढचं कुणी बघितलंय? आकडा बघ. सहा."

कासाबाई चुलीपाशी होती. तिथून ओरडली, "इकायची तर इका बाबा. पण आधी तुझ्या फोनला धार काढायला शिकव. सकाळच्या चहाला मी काय त्याला पिळू?"

"माय, तू मधी बोलू नको."

"शेळी मपली हाय," विजयमाला म्हणाली. "मी इकू देणार न्हाई."

"शेळी तुपली. अन् तू कुणाची?"

"मी बी मपलीच हाय."

त्यानंतर घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. ताटं आपटायची, दार आपटायचं. माझ्यापुढं कडबा पडायचा तोही फेकल्यासारखा. अमृत रोज दावणीपाशी येऊन पॉवरवालीचा भाव बघायचा, आणि दोन रुपये वाढला की माझ्याकडं असा बघायचा, जशी काही मीच त्याचा रस्ता अडवून उभी आहे.

शेवटी बाजाराच्या दिवशी त्यानं माझं दावं सोडलं. विजयमालानं डोक्यावर पदर घेतला आणि निघाली मागं. तो पुढं, मी मधी, ती मागं. तो दावं ओढायचा, पण मी थांबले की तीही थांबायची.

ताडकळसच्या बाजारात जनावरांच्या बाजूला धुरळा, बिड्या आणि शिव्या. तिथं आबासाहेब नावाचा एक बेपारी आहे. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, आवाज गोड. असा गोड आवाज ऐकला की शेळीनं पळावं. पण दावं अमृतच्या हातात.

आबासाहेबानं नमस्कार केला नाही, भाव विचारला नाही. आल्या आल्या माझा खालचा ओठ खाली ओढला. पुढचे दात अंगठ्यानं हलवून बघितले. दोन तर नव्हतेच, बाकीचे हलले.

"दाताला गेली," तो म्हणाला. "खाटकाचा माल हाय. पाच देतो."

"पाच?" अमृत भडकला. "बारा हजाराची शेळी हाय! मागल्या वर्सी तीन पिल्लं दिली हिनं. आठ हजार कमाई. पाचला दिली तर पीई एकाच्या बी खाली जायला!"

"काय जायला?"

"पीई."

आबासाहेबानं आजूबाजूच्यांकडं बघितलं. "आरं, कुठंयत ती तीन पिल्लं? दे मला, घेतो."

"ती इकली."

"मंग मी काय त्यांच्या आठवणी पाळू का? मागल्या वर्साचं दूध मागल्या वर्सी पिऊन झालं. म्होरं काय देणार ही, ते सांग. भाव म्होरच्याचा असतो, येड्या."

चारपाच जण हसले. अमृतचे कान लाल झाले. आणि तेव्हा विजयमाला बोलली. बोलायला नको होतं, पण किती दिवस गिळलं होतं तिनं.

"अगं बाई! आन आमच्या पॉवरवालीचे दात कुणी बघितले का हो? करार संपल्यावर ती काय देणार हाय म्होरं? का तिचं बी मागल्या वर्साचंच?"

आता सगळेच हसले. पॉवरवाली म्हणजे कोण, हे कोणाला माहीत नव्हतं, तरी हसले.

मित्रांनो, माणसाला त्याची चूक चार लोकांत दाखवली की तो चूक सोडत नाही. शेळी सोडतो. अमृतनं माझं दावं आबासाहेबाच्या अंगावर फेकलं. "घ्या. पाचला दिली. न्या कापायला."

विजयमाला आबासाहेबाच्या हातांकडं बघत राहिली.

मी पाय रोवले. आबासाहेब मला ढकलायला खाली वाकला. एक हात पाठीवर, दुसरा पोटाखाली. त्या हातानं पोट जरा वर उचललं, सोडलं, परत उचललं. आणि हात तिथंच थांबला.

इथं तुम्हाला एक सांगायला पाहिजे. दिवाळीनंतर मेंढपाळांचा तळ आमच्या शिवारात पडला होता. त्यांच्यात एक बोकड होता, तांबूस, मोठ्या कानांचा. विजयमाला तेव्हा कापूस वेचायला जायची, अमृत दुकानात, कासाबाईला दूरचं दिसत नाही. माझं मी काय ते केलं. कोणाला सांगायला गेले नाही. मला कोणी कधी काही विचारत नाही, मग मी कशाला सांगू?

आबासाहेबाच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. खिशात हात घालून नोटा काढल्या आणि अजूनच गोड झाला.

"घे बाबा, सहा घे. हजार जास्तीच. तुपली बाई रडायली, मला बघवंना. घे, बोहनीचा टाइम हाय, धर लवकर."

अमृतनं हात पुढं केला.

"मी कुठं रडायले?" विजयमाला म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. डोळे कोरडे ठणठणीत. राग होता त्यात, पाणी नव्हतं.

"मी रडायले न्हाई. मंग यानं न मागता हजार कामून वाढवले?" ती अमृतला म्हणाली. "बेपाऱ्यानं कधी न मागता वाढवलंय का? धरू नका पैसे!"

अमृतचा हात नोटांच्या वर तसाच राहिला. ती माझ्यापाशी आली, खाली बसली, पोटाला हात लावला. तिच्या हाताला बाभळीच्या काट्याचे ओरखडे होते, तरी मला बरं वाटलं. हे मी फक्त तुम्हाला सांगते.

"गाभण हाय," ती म्हणाली. "गाभण हाय ही!"

"तुमाला म्हाईत होतं," अमृत आबासाहेबाला म्हणाला.

"मी बेपारी हाय बाबा. जनावराचा डॉक्टर हाय का?"

"पोटाला हात लावून हजार वाढवले तुमी!"

"अन् तू शेळीचा मालक. तुला दावणीला बांधून कळलं न्हाई, ते माझ्यावर कामून खेकसायलास? धर, पैसे धर. सौदा झालाय."

"पैसे घेतले न्हाईत मी."

"जबान दिली की!"

"जबान त्यांनी दिली," विजयमाला उठली. "शेळी मपली हाय. मला विचारलं का कुणी?" आणि तिनं त्याच्या हातातून दावं हिसकावलं. आबासाहेबानं तिच्या सात पिढ्यांना नावं ठेवली. तिनं त्याच्या बुक्क्याला. आम्ही निघालो.

परतीच्या वाटेत ती पुढं, मी मधी, अमृत मागं. बरंच अंतर गेल्यावर त्यानं फोन काढला. त्या वाटेला रेंज होती. तोच व्हिडिओ लावला, या वेळी शेवटपर्यंत. मग बोटांनी हिशेब करत बसला, चालता चालता. ठेचकाळला दोनदा.

"करार संपल्यावर खुल्या बाजारातल्या भावानं वीज इकावी लागणार," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कळलं नाही. "मंग एका शेअरमागं पाचच उरायलेत. एकशेवीस भागिले पाच. चोवीस. बाकीच्या अठराला. म्हंजे ती स्वस्त न्हाईच. सगळ्यांत महाग हाय."

"मला कशाला सांगायलाव?" विजयमाला मागं न बघता म्हणाली. "पॉवरवालीला सांगा."

"मी न्हाई घेत ती."

"नका घेऊ. मपल्या शेळीच्या पैशानं तर कायच घेऊ नका."

घरी कासाबाई दारात होती. "आली का परत? कुणी घेईना का हिला?"

"गाभण हाय," विजयमाला म्हणाली.

कासाबाईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला बी न्हाई सांगितलं," ती म्हणाली, जसं काही मी तिची जाऊ आहे.

संध्याकाळी अमृत टोपल्यात भरडा घेऊन आला. माझ्यापुढं ठेवला, वाकला, आणि कपाळ खाजवायला हात पुढं केला. मी त्याला मांडीवर सणसणीत धडक दिली. तो मागं लेंड्यांत बसला. विजयमाला बघत होती.

तर मित्रांनो, मी घरी आहे. तुम्हाला वाटलं असेल, शेवट गोड झाला. नाही झाला. मला प्रेमानं परत आणलं नाही. पुढच्या वर्षाची कमाई माझ्या पोटात सापडली म्हणून आणलं. विजयमालानं आणलं, ती गोष्ट वेगळी. पण तिलाही घर आहे, खर्च आहे.

एप्रिलमध्ये मी विणार. पिल्लं मोठी होतील, कोणीतरी कान धरून नेईल. त्यानंतर माझे उरलेले दात जातील आणि मी परत गाभण राहणार नाही. माझी कमाई शून्य होईल. त्या फोनमधल्या माणसानंच सांगितलंय, कमाई शून्य असली की पीई निघत नाही, शून्यानं भागता येत नाही. त्या दिवशी तुमच्याकडं माझ्यासाठी काही आकडाच नसेल. मी मात्र असेन, दावणीला, तुमच्याकडं बघत. तेव्हा माझं काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. तुमच्या घरात जी कोणी म्हातारी जनावरं असतील, माणसं असतील, त्यांचंही ठरवा.

आणि तोपर्यंत भरडा भिजवून देत जा. कोरडा मला चाववत नाही.