बादूच्या आईला मुलं किती?

सेर्वाला कुठे थांबायचं ते कळत नाही, असं एन्सिया सरांचं मत होतं, आणि घानातल्या अर्ध्या कुमासी शहराला ऐकू जाईल अशा आवाजात ते मांडायची त्यांना सवय होती.

"अगं बाई, उत्तर मागितलंय कुणी? दिलेली माहिती उत्तराला पुरते की नाही, एवढंच सांगायचं! तू आपली पानभर आकडेमोड करत बसतेस. परीक्षेत वेळ काय तुझा मामा देणार?"

एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा हा वर्ग अडुमच्या बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर भरायचा. सेर्वाला सरांचं शिफारसपत्र आज पाचच्या आत विद्यापीठाला पाठवायचं होतं, नाहीतर वर्ष गेलंच म्हणायचं. पत्र टेबलावर तयार होतं. सर सही करेनात.

"मला एका गणितात अडकवून दाखव," शेवटी ते म्हणाले. "पूर्णांकांचं हवं. मग करतो सही."

आजवर त्यांना कुणी अडकवलं नव्हतं, म्हणून तर एवढा रुबाब.

सेर्वानं फळ्यावर लिहिलं: एका बाईला क्ष मुलं झाली. क्ष नऊपेक्षा मोठा आहे का? माहिती एक: तिच्या एका मुलाचं नाव बादू. माहिती दोन: क्ष सम आहे.

सर खो खो हसले. "शून्यही सम असतो, तिथे मला पाडायचा बेत होय? बादू आहे म्हणजे शून्य नाहीच. दुसरी माहिती कुचकामी, मुलं दोन असतील नाहीतर बारा. पण पहिली? अगं, बादू म्हणजे दहावं अपत्य, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक! दहावा झाला म्हणजे निदान दहा झाली. पहिली एकटीच पुरते."

"नक्की, सर?"

"लेखी देऊ?"

"नको, नको. सर, एन्सिया म्हणजे सहावं ना?" सेर्वानं साळसूदपणे विचारलं. "मग तुमच्या आधीचे पाच जण कुठे असतात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर घरातले थोरले. नाव आजोबांचं ठेवलेलं, आणि त्या आजोबांच्या गोष्टी सांगून त्यांनी वर्गाचे कान किटवले होते. मागच्या बाकावरच्या ओफोरीनं भिंतीवरची सरांच्याच हातची पाटी मोठ्यानं वाचली: "दिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही!"

वर्ग नुसता खिदळत सुटला. सरांनी फळ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"दोन्ही मिळूनही पुरत नाही," ते पुटपुटले आणि पेन उचललं.

सेर्वाला केवढा आनंद झाला! "आणि सर, बादू हे नाव आजोबांवरून असेल, तर क्ष दोनसुद्धा चालेल, शिवाय समजा जुळी..."

पेन कागदाच्या वर थांबलं. "सेर्वा, एवढं पुरतं की अजून हवंय?"

तिच्या जिभेवर आणखी दोन शक्यता तयार होत्या. घड्याळात पाचला वीस कमी होते. तिनं मोठ्या कष्टानं दोन्ही गिळल्या.

"पुरतं, सर," ती म्हणाली, आणि सरांनी सही केली.