मोगरीचा मुका माज

गडमुडशिंगीत बनाबाईच्या गोठ्यात पान मांडून जेवायला बसावं, असं लोक म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून. पहाटे चारला उठली की चहाचं आधण ठेवायच्या आधी ती खराटा घेऊन गोठ्यात शिरायची. म्हशींना उठवायचं, शेण भरायचं, झाडायचं आणि वरून पाइपनं पाणी मारायचं. गोठा घाण ठेवून चूल पेटवायची नाही, ही सासूची शिकवण होती. सासूला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण तिचा धाक काही गेला नव्हता.

गोठ्यात तीन म्हशी. त्यातल्या एका काळ्याकुट्ट म्हशीचं नाव बनाबाईनं हौसेनं मोगरी ठेवलं होतं, आणि लोक हसले तरी बदललं नव्हतं. मोगरीवर तिचा भारी जीव. पण मोगरी व्यायल्याला दीड वर्ष झालं, दूध आटलं, तरी ती पुन्हा माजावर आली नव्हती, म्हणजे गाभण राहायची वेळच येत नव्हती. माजावर आलेली म्हैस ओरडते, दावं ओढते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोगरी मात्र शांतपणे रवंथ करत बसायची. शेवटी बनाबाईच्या नवऱ्यानं, सयाजीनं, जनावरांचा दलाल आकाराम हेडी याला निरोप धाडला. सयाजी काही दुष्ट माणूस नव्हता. फुकटचा चारा किती दिवस घालणार, एवढंच त्याचं म्हणणं. भाकड म्हैस हेड्याच्या टेम्पोत चढली की पुढं कुठं जाते, हे त्या घरात कुणी बोलत नसे. 

त्याच आठवड्यात दूध संस्थेत बायकांसाठी शिबिर होतं. म्हशी कशा पाळाव्यात हे सांगायला अपूर्वा नावाची डॉक्टरीण येणार होती, रुकडीकडच्या जैन शेतकरी घरातली, वय जेमतेम सत्तावीस. शेजारची धोंडुबाई बोलवायला आली तेव्हा बनाबाई फणकारली. आपले केस काय उन्हात पांढरे झाले नाहीत, कालच्या पोरीनं आपल्याला म्हैस शिकवावी इतके वाईट दिवस आले नाहीत, असं तिनं ऐकवलं. धोंडुबाई म्हणाली, शिकायचं नसलं तर नको शिकूस, चहा आणि पोहे तरी आहेत. बनाबाई गेली. पोह्यांसाठी नव्हे, घरात बसलं की टेम्पो डोळ्यांपुढं यायचा म्हणून. गेली तीही दाराजवळ बसली, मध्येच उठून येता यावं म्हणून.

डॉक्टरीण सांगत होती की पुष्कळ म्हशी माजावर येतात आणि ओरडतच नाहीत. त्याला मुका माज म्हणतात, उन्हाळ्यात तर फारच. पण म्हैस बसलेली असताना पहाटे मागं बघावं. काचेसारखी स्वच्छ, चिकट स्रावाची तार जमिनीवर पडलेली दिसते. दर एकवीस दिवसांनी दिसते, बघणारा पाहिजे.

बनाबाईला राहवेना. ती उभीच राहिली.

"चाळीस वर्सं म्हशी पाळतो मी. असलं कायबी मला कधी दिसलं न्हाय."

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "मावशी, पहाटे उठल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"गोठा झाडतो. पाणी मारतो," बनाबाई तोऱ्यात म्हणाली, "माझ्या गोठ्यात काडीसुदीक..."

आणि तिथंच थांबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर तिनं कळसाच रोज पहाटे पाइपनं धुऊन काढला होता. कुणी हसलं नाही. बनाबाई मटकन खाली बसली, आणि मग शेवटपर्यंत उठली नाही.

बायका पांगल्यावर ती डॉक्टरणीजवळ गेली. मोगरीच्या आधी बिजली आणि हरणी अशाच वांझ म्हणून टेम्पोत चढल्या होत्या.

"त्या बी चांगल्याच असतील का ओ?"

"असतीलही, मावशी. आता सांगता येणार नाही."

बनाबाई भिंतीकडं तोंड करून रडली. हरणी टेम्पोत चढताना मागं वळून बघत होती, ते तिला आठवत होतं. खोटं सांगून समजूत न काढल्याबद्दल तिला त्या पोरीचं कौतुक वाटलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि डॉक्टरणीला घरी नेलं. डॉक्टरणीनं मोगरीला तपासलं आणि आत काही दोष नसल्याचं सांगितलं. सयाजीकडून बनाबाईनं एक महिना मागून घेतला.

तो महिना तिच्या जिवावर आला. पहाटे शेण तसंच ठेवायचं, बॅटरी घेऊन मोगरीमागं उकिडवं बसायचं, मग कॅलेंडरवर फुली मारायची. सासूच्या फोटोकडं ती बघायचंही टाळायची. सतरा फुल्या झाल्या. हेड्याचा फोन आला की सयाजी अंगणात जाऊन बोलायचा. अठराव्या पहाटे मोगरीच्या मागं जमिनीवर काहीतरी चमकलं. स्वच्छ, काचेसारखी तार. मोगरी नेहमीसारखीच रवंथ करत होती, तोंडातून हूं नाही की चूं नाही. बनाबाईनं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल केला आणि डॉक्टरणीला फोन लावला. संध्याकाळी तिनं येऊन मोगरीचं कृत्रिम रेतन केलं.

महिना भरला तसा आकाराम दारात उभा राहिला. सयाजीनं कॅलेंडरकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि हेड्याला चहा पाजून तसाच परत पाठवला. तीन महिन्यांनी डॉक्टरणीनं तपासून मोगरी गाभण असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानंच गावभर पेढे वाटले, जणू सगळी अक्कल त्याचीच. बनाबाईनं त्याला तेवढं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना धोंडुबाई आली. कुठल्या देवाचा अंगारा लावलास, आमच्या म्हशीलाही दे, म्हणत होती. गोठ्यात पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. शेण तसंच पडलेलं, खराटा कोपऱ्यात, आणि बनाबाई बॅटरी घेऊन दुसऱ्या म्हशीच्या मागं बसलेली.

"अगं बाई, अजून झाडलं न्हाईस?"

बनाबाईनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"आधी बघतो," ती म्हणाली, "मग झाडतो."