तिसरीच्या वर्गात खुर्ची नव्हती

२०२३ सालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या होत्या. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी तालमीची पोरं फुटबॉल खेळून परतत, त्याच सुमाराला समोरच्या घरातून निशिगंधा डबा घेऊन बाहेर पडे. एका खाजगी शाळेत ती तिसरीला शिकवायची. सातवा महिना लागला होता. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रक्तदाब वाढतोय. फार वेळ उभं राहू नका, नाहीतर याही बाळाला धोका आहे."

हे सांगायला सोपं होतं. त्या शाळेत एकाही वर्गात बाईंसाठी खुर्ची नव्हती.

मीही शिक्षिका होते. माझ्या नोकरीच्या काळात हेडमास्तर वर्गात आले की आधी बाईंच्या खुर्चीवरची खडूची धूळ झटकत. त्या खुर्चीत बसून मी मुलांना गोष्टी सांगितल्या, रडणाऱ्याला जवळ घेतलं. माझी मुलं काही त्यामुळे आळशी निघाली नाहीत. आता बसलेली बाई म्हणजे कामचुकार बाई, असा नवाच धर्म निघाला आहे. निशिगंधाच्या शाळेनं खुर्च्या गच्चीवर टाकल्या आणि वर्गात कॅमेरे लावले. बाई भिंतीला टेकली तरी शिक्षकांच्या ग्रुपवर संदेश पडे, 'तिसरी ब, टेकू नये.' आणि पालक कौतुकानं सांगत, "आमच्या मॅडम दिवसभर उभ्या असतात."

"पाय सुजल्यात व्हय गं?" सासूबाई धोंडुबाईंनी एका संध्याकाळी विचारलं.

"थोडे."

"थोडं कुठलं? भोपळं झाल्यात! आमी कोडोलीत पोटुशी असताना उसात खुरपत व्हतो, पर दुखलं की बांधावर टेकत व्हतो. मुकादम बी काय बोलत न्हवता."

"आई, खाजगी नोकरी हाय ती," नवरा अमरसिंह म्हणाला. शिरोलीच्या कारखान्यातून तो नुकताच आला होता. "कुरकुर केली की दुसऱ्या दिवशी नवी बाई उभी करत्यात."

"उभीच करा म्हणावं. बसवू नगासा कुणाला," धोंडुबाई फणकारल्या.

त्याच आठवड्यात शाळेनं शिक्षकांसाठी मनःशांतीचं शिबिर भरवलं. सभागृहात सतरंज्या टाकल्या. शिकवायला आलेली बाई साधी, हळू बोलणारी होती. "डोळे मिटा. श्वासाकडे बघा. शरीर कुठं दुखतंय, त्याचं ऐका. आता छातीवर हात ठेवा, आणि पडलेल्या पोराशी बोलता तसं स्वतःशी बोला."

निशिगंधानं हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. इतकी वर्षं ती शेकडो पोरांना कुरवाळत आली होती. स्वतःला मात्र तिनं एक गोड शब्द दिला नव्हता.

शिकवण चांगलीच होती. ती पडली कुणाच्या हाती, हे वाईट. मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमनी समारोपात सांगितलं, "आता दुखलं की श्वास घ्यायचा. तक्रार घेऊन ऑफिसात यायचं नाही."

निशिगंधानं तेच मनावर घेतलं. पाय ठणकले की श्वास. डोकं जड झालं की श्वास. चेहरा असा निवांत दिसू लागला की मॅडमनी बैठकीत तिचं उदाहरण दिलं. शेजारच्या वर्गातली फरहीन मात्र धास्तावली. डबा खाताना ती म्हणाली, "आगं, तू शांत न्हाईस. तू बधिर व्हायलीस. शिबिरातल्या बाईनं दुखण्याचं ऐकायला सांगितलं होतं, तोंड दाबायला न्हाय!"

"एवढी परीक्षा होऊ दे की."

"परीक्षा पोरांची हाय. तू कशाला बसलीयास परीक्षंला?"

"बसलीय कुठं? उभीच हाय की," निशिगंधा हसली. फरहीन हसली नाही.

परीक्षेच्या आदल्या सोमवारी सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. फळ्यावरची अक्षरं मधूनच विरघळत. इतक्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं तापानं लाल झालेलं तोंड वर केलं. पाढे म्हणायला ती धडपडत उभी राहिली होती.

"बस बाळा," निशिगंधा म्हणाली. "दुखतंय तर सांगायचं. असं सोसायचं नसतं."

बोलली आणि थबकली. तिचेच शब्द तिच्या कानावर पडले होते. तिनं छातीवर हात ठेवला आणि फळ्याखालच्या पायरीवर ती बसली.

टेबलावरचा फोन थरथरला. 'तिसरी ब, उठावे.' पुन्हा थरथरला. मग प्रियदर्शनी मॅडम स्वतःच दारात आल्या.

"उठा निशिगंधा. ऑफिसात चेअरमनसाहेब बघताहेत."

"बघू देत."

"श्वास घ्या. शिकवलंय ना तुम्हाला?"

"घेतला मॅडम. अंधारी यायलीय. न्हाय उठणार मी."

"तास संपल्यावर बोलू. पोरं बघताहेत."

आवाज ऐकून फरहीन धावत आली. "तासाचं काय घेऊन बसलाय मॅडम? बाईचं तोंड बघा की! रिक्षा बोलवा!"

त्या संध्याकाळी दवाखान्यात घाईनं शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. सकाळपर्यंत तिनं झुंज दिली, मग गेली. डॉक्टरीणबाई अमरसिंहला म्हणाल्या, "आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या असत्या, तर या पण गेल्या असत्या. महिनाभर आधी बसल्या असत्या तर..." अमरसिंह भिंतीकडे तोंड करून रडला.

शाळेनं पालकांना कळवलं की तिसरीच्या मॅडमनी वैयक्तिक कारणानं नोकरी सोडली. कुणीही जास्त विचारलं नाही. आपण विचारत नाही, म्हणूनच हे चालतं.

फरहीन दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर पायरीवर बसून शिकवू लागली. तिला वर्ष संपताच काढलं. आता ती दुसऱ्या शाळेत आहे. प्रियदर्शनी मॅडम अजून तिथंच आहेत. त्यांच्या पायांच्या शिरांचं ऑपरेशन झालं, तरी त्या उभ्यानंच फेऱ्या मारतात. अमरसिंह शिरोलीलाच जातो, कमी बोलतो. धोंडुबाई मात्र गल्लीत कुणी पोराच्या प्रवेशाची चौकशी करत आलं की हटकतात, "पावणं, तितं बाईला बसू देत्यात का, ते आधी इचारा. मग फीचं बोला."

आणि निशिगंधा? ती रविवारी गावोगावच्या शिक्षिकांना गोळा करते. स्वतःशी मायेनं कसं वागावं ते शिकवते. परवा एक तरुण शिक्षिका दाराशीच घुटमळत उभी होती. "मॅडम, मी उभ्यानंच करते. सवय आहे मला."

निशिगंधानं शिकवायला सुरुवात केली नाही. ती मुलगी बसेपर्यंत सगळ्या बायका तशाच थांबल्या.