कापडाची कात्री पुठ्ठ्यावर

मित्रांनो, मी एक जुनी कात्री. घडवली गेले कापडासाठी आणि म्हातारपणी आले पुठ्ठ्यावर. लोहाराने तापवून, ठोकून मला धार दिली आणि मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हाती पडले. शर्टाचे कापड मी असे कापायचे की कडेचा धागा निघत नसे. गिऱ्हाइके म्हणत, "काय सफाई आहे!" कौतुक मात्र बाईंचे व्हायचे. एकदा टेबलावरून फरशीवर पडले, टोक मोडले, आणि घरात नवी कात्री आली.

मला उचलले ते बाईंच्या धाकट्या मुलीने. तिला सगळे बबडी म्हणतात. पुठ्ठ्याचे सारखे तुकडे कापायचे, कडा चिकटवायच्या आणि आकार सगळ्या बाजूंनी बंद होतो का ते बघायचे, हे तिचे वेड. ते तिला कोणी शिकवले नव्हते. त्रिकोणांचे जमले. चौकोनांचा डबा झाला. सहाकोनी तुकडे मात्र जमिनीवर पसरले ते काही केल्या उठेनात. बबडी रडकुंडीला आली. मीही वैतागले होते. पुठ्ठा कापून माझा स्क्रू ढिला झाला होता आणि तेलाचा थेंब द्यायला कोणी तयार नव्हते.

मग एके दिवशी तिने कागदाच्या रुंद पट्टीला गाठ मारली, ती हळूच आवळून चपटी केली आणि दोन्ही शेपट्या कापल्या. हातात राहिला पाच सारख्या बाजूंचा तुकडा! तो पुठ्ठ्यावर ठेवून ती पेन्सिलीने आकार उतरवू लागली. असे सहा तुकडे कापले. एक मध्ये, पाच भोवती. चिकटपट्टी लावताच त्याची वाटी उभी राहिली. अशीच दुसरी वाटी वर बसवली की चेंडू बंद होणार होता. तिला झोपायलाही नको वाटत होते.

दुसऱ्या दिवशी बबडी शाळेत गेली आणि बाईंना पोरीची दया आली. उरलेले सहा तुकडे त्यांनीच कापून ठेवले. मी कुरकुरत होते, पण कात्रीचे ऐकतो कोण? जन्मभर शिवणीसाठी कडेने बोटभर माया सोडून कापणारा तो हात. पुठ्ठ्यालाही त्याने माया सोडली.

बबडी आली, तुकडे जोडू लागली. कडा जुळेनात.

"आई, हे मोठे झालेत!"

"अगं, दाबून बसव. शिवताना आत जातं ना!"

"हे शिवायचं नाहीये! आणि तुला कोणी सांगितलं होतं कापायला?"

"बरं केलं तर ही बोलणी. आण इकडे, छाटून देते."

"नको! तू हातच लावू नकोस!"

बाईंनी रागाने मला खणात टाकले. खण बंद. दोन वेडे जीव बाहेर रुसलेले, आणि शिक्षा मला! पुठ्ठा संपलेला, चेंडू अर्धाच. मला तर ओरडावेसे वाटत होते.

संध्याकाळी खण उघडला. बाईंनी माझा स्क्रू आवळला, बिजागरीत मशीनचे तेल सोडले आणि मला बबडीजवळ ठेवून त्या मशीनवर जाऊन बसल्या. बबडी कागदाची गाठ ठेवून मोठे तुकडे छाटू लागली. एक कड वाकडी गेली. मशीन थांबले. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग मशीन पुन्हा सुरू झाले.

चेंडू बंद झाला, पण एका कडेला फट राहिली. मोठ्या भावाने तिच्यात नख खुपसले. "बबडे, यातून वारा येतो गं!"

"येऊ दे. फट माझी आहे."

मित्रांनो, तुमच्या घरच्या कात्रीला तेल द्या, तिचा स्क्रू आवळा. आणि मोठ्यांनो, धाकटे कोणी कापत बसले असेल, तर तुमचे हात जरा स्वतःच्या मांडीवर ठेवा. ते जड जाते, हे मी त्या मशीनच्या आवाजावरून ओळखले आहे.