दिवस मावळायच्या आत

"मॅडम, बॉलकडे बघा. वर काय बघताय?" संघासोबत आलेले करण सर म्हणाले.

भारती सूर्याकडे बघत होती. राहात्याच्या मैदानामागच्या लिंबाकडे तो कलला होता आणि व्हॉलीबॉल फायनलचा पाचवा सेट दहा-दहावर अडला होता. तिच्या संघातली, चेंडू उचलून देणारी सेटर रेश्मा जीव तोडून खेळत होती. पण भारतीला घोर मॅचचा नव्हता.

सकाळी कोल्हारला रेश्माच्या दारात तिने शब्द दिला होता. रेश्माचे वडील, बन्सीकाका, ओट्यावर बसून म्हणाले होते, "आक्का मॅडम हुत्या तवा आमाला घोर न्हवता. दिवस मावळायच्या आत पोरगी दारात म्हंजी दारात. तुमचं काय?"

"माझंही तेच, काका."

मॅच पाच सेट चालेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही ती घाबरलेलीच होती, आणि घाबरलेला माणूस पटकन हो म्हणतो.

आक्का मॅडम जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या जागी आता त्यांचीच विद्यार्थिनी भारती होती. कॉलेजात मुलींचा व्हॉलीबॉल त्यांनीच आणला. पोरींनी पोरांदेखत उड्या मारायच्या म्हटल्यावर गावं खवळली, तेव्हा त्या घरोघरी जाऊन चुलीपुढे बसल्या. मॅच संपली की प्रत्येकीला स्वतः दारात सोडायचं, त्या घरचं पाणी प्यायचं आणि मगच वळायचं, ही त्यांची रीत. अशाच एका फायनलमधून, सामना हातात असताना, त्यांनी भारतीला बाहेर काढून दिवस मावळायच्या आत एसटीने घरी पोचवलं होतं. संघ हरला. भारती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी मात्र तिचे वडील न सांगताच तिची बॅग उचलून स्टँडवर आले.

आज रेश्मा उशिरा पोचली तर ती उद्यापासून घरात. तिच्यामागे त्या आळीतल्या, नुकत्याच सरावाला येऊ लागलेल्या तिघीही. मॅडमनी आयुष्यभर जमवलेलं एका संध्याकाळीत आपल्या हातून जाणार होतं.

"सर, रेश्माला बाहेर घेते. मी तिला घेऊन निघते, बाकीच्या मुलींना तुम्ही सोडा."

"वेड लागलंय का मॅडम? बारा-अकराने पुढे आहोत आपण!"

भारती पंचांकडे वळली. तिने बदलीसाठी हात वर केला.

रेश्मा बाहेर आली. "माझं काही चुकलं का मॅडम?"

"नाही गं. घरी जायचंय."

स्कूटीवर रेश्माने तिला धरलं नाही, मागची दांडी धरली. लोणीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. सूर्य उसाआड गेला की बुडाला हेच कळेना. खिशात मोबाईल वाजत राहिला, तिने तो काढला नाही. देवाचं नाव घ्यायचं सोडून ती मॅडमचं नाव घेत होती.

कोल्हारला पोचल्या तेव्हा आभाळ तांबडं होतं आणि माणसांचे चेहरे ओळखू येत होते. बन्सीकाका फाटकाशी उभे होते. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग मावळतीकडे.

"जितला का?"

भारतीने आता मोबाईल काढला. करण सरांचा एकच शब्द होता.

"हरलो, काका."

"आन् ही खेळत हुती न्हवं?"

"शेवटी नव्हती. वेळ झाली होती."

बन्सीकाकांनी फाटक उघडलं. रेश्मा बूट न काढताच आत गेली.

"फुडली मॅच कवा हाय?"

"चौदा तारखेला. नगरला."

"लांब हाय. सकाळी लवकर निघा मंग." त्यांनी आत हाक दिली. "रेश्मे, मॅडमला पानी आन."

रेश्माने तांब्या आणून ओट्यावर आदळला, थोडं पाणी सांडलं, आणि भारतीकडे न बघता ती आत निघून गेली.

भारती ओट्यावर बसली. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.