कागदावर चालू गिरणी

डिझेल इंजिनाचं हँडल उलटं फिरून काकींच्या उजव्या मनगटावर आदळलं, तो आवाज बाहेर दळण घेऊन बसलेल्या बायकांनाही ऐकू गेला. इंजिन काही चालू झालं नाही. काकी मनगट पोटाशी धरून मटकन खाली बसल्या. बायका धावत आत आल्या, तर काकी दुखण्याबद्दल चकार शब्द न काढता म्हणाल्या, "समोर अठ्ठेचाळीस सोलरच्या पाट्या चकाकतायत आणि मी इथं हँडल मारत बसलेय. कुणाला तरी लाज वाटायला हवी."

लाज कुणाला वाटायला हवी, हे मात्र तीन वर्षांत कुणालाच नक्की कळलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी वस्तीवर सौर वीजकेंद्र आलं. त्याआधी केंद्र उभारणाऱ्या संस्थेची एक मुलगी घरोघर फिरून फॉर्म भरून गेली होती. वीज आली तर काय काय चालवाल, असं तिनं विचारलं. बाकीच्यांनी दिवे, पंखा, मोबाइल असं सांगितलं. काकी म्हणाल्या, "गिरणी." मुलगी इतकी खूश झाली, की तिनं तो शब्द मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग पाट्या आल्या, तारा आल्या, फीत कापली गेली. घरोघरी तीन दिवे लागले. काकींनी डिझेल इंजिन कोपऱ्यात सारलं, गिरणीला विजेची मोटार जोडली आणि बटण दाबलं. मोटार एकदा गुरगुरली आणि सगळ्या वस्तीची वीज गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळेला माणसं गिरणीच्या दाराशी येऊन ओरडायला लागली.

कंपनीचा माणूस आला. "एवढा भार धरलेलाच नाही," म्हणाला. गिरणीची वीज तोडून त्यानं केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवरच्या तिच्या पेटीला शिशाचं सील ठोकलं. "तात्पुरतं आहे," असं जाता जाता सांगून गेला. ते तात्पुरतं तीन वर्षं टिकलं. वस्तीत इतकं टिकाऊ काम दुसरं कुठलं झालेलं नाही.

इंजिन कोपऱ्यातून परत बाहेर आलं. डिझेलचे कॅन बसच्या टपावरून यायला लागले. काकींचा नवरा शहरात कामाला, वर्षातून दोनदा घरी येणारा; त्यामुळे गिरणीचं सगळं त्यांच्याच अंगावर. झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावण्यापासून पट्टा बदलण्यापर्यंत सगळं त्या स्वतः करायच्या. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करायचं कामही त्यांचंच. दर वेळी नवीन मुलगी फोन उचलायची, वस्तीचं नाव तीनदा विचारायची, तक्रारीचा लांबलचक क्रमांक द्यायची. चार दिवसांनी मोबाइलवर निरोप यायचा: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

"कुणी सोडवली?" काकींनी एकदा विचारलं. "मला त्याला एकदा बघायचंय."

"मॅडम, सिस्टिममध्ये सोडवली असंच दिसतंय."

"मग सिस्टिमलाच सांग, माझं दळण दळून दे म्हणावं."

मुलीनं अत्यंत नम्रपणे विचारलं, "मॅडम, आणखी काही मदत करू शकते का?"

काकींनी फोन ठेवला आणि त्या दिवशी सासूबाईंशीही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी ते मनावर घेतलं, आणि त्यावरून घरात आणखी दोन दिवस धुसफुस चालली.

आता मनगटाला सहा आठवड्यांचं प्लास्टर. गिरणी बंद. बायका डोक्यावर दळण घेऊन पुढच्या गावी जायला लागल्या. जायला चढाचा पाऊण तास, यायला तेवढाच, आणि तिथल्या रांगेचा वेळ वेगळा. जाताना प्रत्येक बाई काकींच्या दारात डोकावून "कसं आहे मनगट?" असं विचारायची. त्यातली काळजी किती आणि चौकशी किती, हे काकींना बरोबर कळायचं.

वीजकेंद्राची देखरेख काकींच्या धाकट्या दिराकडे होती. त्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, म्हणून वस्ती त्याला इंजिनियर म्हणायची. त्यात थोडी चेष्टा होती, थोडा मानही. केंद्राच्या खोलीची किल्ली तो दोरीनं गळ्यात बांधून फिरायचा. स्वभावानं भित्रा, पण कामाला चोख. पाट्या रोज पुसायचा, वहीत आकडे लिहायचा आणि 'हात लावू नये' असं लिहिलेल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. खोलीत तशा वस्तू सोडून दुसरं काही नव्हतंच.

एका हातानं घरात फारसं काही होत नव्हतं, म्हणून दुपारी त्याचा डबा पोचवायचं काम काकींनी घेतलं. तो जेवत असताना त्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या यंत्राच्या काचेत, पाट्यांतून किती वीज येतेय तो आकडा बघत राहायच्या. सकाळी एकदा औषध घ्यायला जाताना त्या डोकावल्या, तेव्हा तिथं नऊ दिसले होते. आता भर दुपारी, बाहेर डोकं तापून निघत असताना, तिथं एकसुद्धा पुरता नव्हता.

"भाऊजी, हे बिघडलंय का?"

"नाही वहिनी. बॅटऱ्या साडेदहा-अकराला भरतात. मग वीज घ्यायला कुणी नसतं, तेव्हा यंत्र आपोआप कमी करतं."

"कमी करतं म्हणजे?"

"म्हणजे... घेत नाही. पाट्या नुसत्या उभ्या असतात."

"संध्याकाळपर्यंत?"

"हो. रोज." त्यानं घास घेतला. मान वर करून काकींचा चेहरा बघितला आणि तो घास तोंडातच राहिला.

"तीन वर्षं," काकी हळूच म्हणाल्या, "तीन वर्षं दुपारी पाच-पाच तास ही वीज वाया जातेय. आणि मी डिझेलच्या धुरात खोकतेय. तुम्ही एकदाही बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही ना."

त्या डबा न घेताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या बाजारगावी गेल्या. तिथं मोटारी भरून देणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे, पण त्याला प्रत्येक स्क्रूचा पत्ता पाठ. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, मोटार सुरू होताना पाच-सहापट ओढते. नंतर गपगुमान चालते. तुमचं घोडं नुसतं सुरू होण्यापाशी अडलंय. चालण्याचा प्रश्नच नाही."

"मग हे त्या कंपनीच्या माणसाला कळलं नाही?"

"कळलं असेल. पण सील ठोकायला दोन मिनिटं लागतात."

त्यानं फळीवरून एक राखाडी पेटी काढली. एक कारखाना बंद पडला तेव्हा तिथली त्याच्याकडे आली होती. ती मोटार हळूहळू वेगात आणते, एकदम झटका बसू देत नाही, असं त्यानं समजावलं. "घेऊन जा. चालली तर बघू पुढचं. नाही चालली तर परत आणून ठेव."

पेटी घेऊन काकी थेट दिराकडे गेल्या. त्यानं पेटी बघितली, बाहेरच्या भिंतीवरच्या सीलकडे बघितलं आणि गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली.

"वहिनी, सील तोडलं तर माझी नोकरी जाईल. परवानगी आणा, मी लगेच जोडतो."

परवानगीसाठी आठ दिवसांत अकरा फोन झाले. मदत क्रमांकावरची मुलगी म्हणाली, संस्थेला विचारा. संस्थेतला माणूस म्हणाला, आमचं काम उभारणीपुरतं होतं, आता सगळं कंपनीकडे. कंपनीच्या कार्यालयातून कळलं, की देखभालीचं काम दुसऱ्या कंपनीला दिलंय, तिचा क्रमांक लवकरच कळवू. एका साहेबांनी तर सगळं ऐकून घेऊन, "उत्तम कल्पना आहे, लेखी पाठवा," असं म्हटलं आणि कुठं पाठवायचं ते न सांगता फोन ठेवला. काकींच्या नाकी नऊ आले.

अशातच वीजकेंद्राच्या पाहणीला एक बाई आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, उन्हानं लाल झालेल्या, हातात टॅब घेतलेल्या. पाहणीबाई काकींच्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनी प्रश्न सुरू केले.

"सौरऊर्जेमुळे तुमच्या आयुष्यात किती बदल झाला? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

काकींनी प्लास्टरचा हात वर केला. "हे कितीत बसतं?"

पाहणीबाई ओशाळल्या. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि काकींनी अथपासून इतिपर्यंत सांगितलं. ऐकता ऐकता पाहणीबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी टॅबवर बोट फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं.

"पण इथं तर गिरणी चालू आहे."

"कुठं?"

"इथं. यादीत. 'उपजीविकेसाठी वापर: पीठगिरणी, एक, चालू.' तिन्ही वर्षांच्या अहवालात आहे."

काकींनी टॅबवर वाकून बघितलं. मग काकी हसायलाच लागल्या, इतक्या, की आतून सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. हसणं थांबल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मला हे कागदावर द्याल?"

"तक्रार करणार आहात? मी वरती कळवते..."

"नको, वरती काही कळवू नका. तिकडं गेलेलं काही खाली येत नाही. मला फक्त हे पान द्या."

पाहणीबाईंनी दोन दिवसांनी ते पान शिक्क्यासकट पाठवलं. त्यांनी शब्द पाळला, हे काकींनी नंतरही आवर्जून सांगितलं. एवढ्या सगळ्यांत त्या एकट्याच.

काकी पान घेऊन केंद्रावर गेल्या. दिरानं ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

"भाऊजी, तुमच्या साहेबांच्या लेखी गिरणी चालू आहे. मग सील कशाला हवं? उद्या कुणी तपासायला आलं आणि गिरणी बंद दिसली, तर जबाब कुणाला द्यावा लागेल? केंद्र तुमच्या ताब्यात आहे."

"वहिनी, तुम्ही मला अडकवताय."

"अडकलेलेच आहात तुम्ही. मी फक्त दाखवतेय." मग त्यांचा आवाज उतरला. "माझ्या या हातानं पकड धरवत नाही. नाहीतर तुम्हाला विचारलंसुद्धा नसतं."

दीर बराच वेळ दारात उभा राहिला. मग आत जाऊन पकड घेऊन आला. सील तोडताना त्यानं डोळे मिटून घेतले होते.

अकराच्या सुमाराला जोडणी झाली. कुठून बातमी फुटली देव जाणे, दळण घेऊन सात-आठ बायका हजर. दिरानं बटण दाबलं. मोटार फिरायला लागली, वेग धरला, आणि खाड्! वस्तीची वीज गेली. कुठून तरी शिवी ऐकू आली. दिराचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"म्हटलं होतं मी! म्हटलं होतं!"

"ओरडू नका, यंत्र पुन्हा चालू करा," काकी म्हणाल्या आणि मिस्त्रीला फोन लावला. तिकडून म्हातारा शांतपणे म्हणाला, "वेगात यायला वेळ किती ठेवलाय? पाच सेकंद? वीस करा. आणि सुरू करताना दगड उचलून ठेवा, धान्य सोडू नका. रिकामी फिरू द्या आधी."

दिरानं पेटीवरचा वेळ वाढवला. काकींनी डाव्या हातानं दगड उचलायचं चाक फिरवलं. या वेळी मोटार कुरकुरली नाही. संथ सुरू झाली, मग वाढत वाढत पट्ट्याचा तो ओळखीचा फटफट आवाज यायला लागला. सगळ्यांचे डोळे वरच्या दिव्याकडे. दिवा जरासा मंदावला आणि पुन्हा सरळ झाला. काकींनी हळूच दगड टेकवला, धान्य सोडलं. पीठ पडायला लागलं. ते चिमटीत धरून त्यांनी बघितलं. जाडं होतं. त्यांनी चाक आणखी थोडं फिरवलं.

दीर खोलीतून धावत आला. "वहिनी, आकडा सहावर गेलाय! दुपारी सहा! मी असं कधी बघितलंच नाही!"

"वहीत लिहा," काकी म्हणाल्या.

महिन्याभरानं नव्या कंपनीचा माणूस आला. गिरणी बघून भडकला. हे अनधिकृत आहे, तोडावं लागेल, म्हणाला. रांगेतल्या बायकांनी आपापली दळणं खाली ठेवली आणि कुणी जागची हलली नाही. काकींनी पान पुढं केलं, दिरानं वही. त्या माणसानं वही उघडली आणि मग चाळतच राहिला. दुपारचे आकडे त्यानं बोट ठेवून वाचले. बाहेर जाऊन त्यानं साहेबांशी फोनवर बोलणं केलं. परत आला तेव्हा बराच निवळला होता.

"राहू द्या, म्हणाले. तोडायचं तर आधी गिरणी बंद पडली असं लिहावं लागेल, आणि बंद पडली तर ती चालू कधी झाली होती, हे विचारतील."

"मग लेखी परवानगी द्या."

"तेवढं नाही जमणार, काकी."

"तीन वर्षं खोटं लिहायला जमलं. खरं लिहायला काय होतं?"

त्यानं हात जोडले आणि गाडीत बसला.

गिरणी चालली. रोज अकरा ते तीन, आणि तीही ऊन असेल तर. ढगाळ दिवसांत दोन तासही मिळत नाहीत, तेव्हा बायकांची बोलणी काकींनाच खावी लागतात. दोन पाट्या बंद पडल्यात, त्या बदलायला अजून कुणी आलेलं नाही. मनगट जरा वाकडंच बसलं. त्यात जड दळण उचलवत नाही, म्हणून बायका आपली आपण ओततात आणि निम्मं खाली सांडतात. त्यावरून रोज वाद. पाऊण तासाचा तो चढ मात्र आता कुणी चढत नाही.

परवा पलीकडच्या वस्तीतल्या दोघी जणी बघायला आल्या होत्या. त्यांच्याकडेही तेच केंद्र, तेच सील. काकींनी त्यांना पेटी दाखवली, वेळ कसा लावायचा ते सांगितलं, दगड आधी का उचलायचा ते सांगितलं. दोघी माना डोलावत होत्या. सगळं झाल्यावर त्यातली एक म्हणाली, "पण आमचा इंजिनियर ऐकायचा नाही हो."

काकींनी डोक्याला हात लावला. मग आत जाऊन चपला घातल्या आणि सासूबाईंना ओरडून सांगितलं, की संध्याकाळपर्यंत येते.