पिशव्यांविना उन्हाळा

आरासेलीच्या पत्राला एलादिओने उत्तर दिलं नव्हतं. पत्र फेब्रुवारीत आलं, तेव्हा बदाम फुलले होते. आता जूनचं ऊन भिंतींतून आत झिरपू लागलं, तरी ते त्याच्या उशाच्या पुस्तकात खुणेसाठी पडून होतं. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जाई.

आरासेली त्याच्या धाकट्या भावाची, होआकिनची, मुलगी, समुद्राकाठच्या शहरात वाढलेली. तिने आडवळण न घेता विचारलं होतं: काका, मी तुमच्याबरोबर बाग करायला कायमची आले तर चालेल का? तिथं माणसाला जगता येईल का, ते खरं सांगा.

त्या 'खरं सांगा'पाशी त्याचं घोडं अडे. ये म्हणावं, तर पोरीला भट्टीत ओढल्यासारखं. नको म्हणावं, तर आपल्यामागे बाग संपली. त्याला मूलबाळ नव्हतं. आणि उद्या वारा कसा वाहील हे ज्याला छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल काय लिहावं? चार ओळी झाल्या की कागद चुलीत जाई.

स्पेनमधल्या एब्रो नदीच्या त्या खोऱ्यात पाऊस डोंगरापलीकडेच अडतो. अलीकडे पोचतो तो वायव्येचा कोरडा वारा. पीच पिकतात ते कालव्याच्या जिवावर. दर उन्हाळ्यात माणसं शिड्यांवर चढून झाडावरच्या एकेका फळाला, कीड लागू नये म्हणून, कागदी पिशवी बांधतात, आणि मग शरदापर्यंत सगळं खोरं वाऱ्यावर सळसळत राहतं. दुपारची झोप लागते ती त्याच आवाजात.

त्या वर्षी डोंगरावर बर्फ पडलंच नाही. पाटकरी दारोदार सांगून गेला की धरणाचा तळ दिसतोय. उन्हाळ्यात पाण्याची एकच पाळी मिळेल, तीही झाड जगण्यापुरती. फळ पोसायला पाणी कुणी मागू नये. त्यानंतर पिशव्यांचे गठ्ठे कुणी सोडलेच नाहीत.

एलादिओने शिडी मात्र लावली. बुटक्या बांधापलीकडे ओरोसियाची बाग होती. ओरोसिया विधवा, त्याच्याच वयाची, जिभेने तिखट. ती थोडा वेळ बघत राहिली.

"काय रे, विरळणी विसरलास की काय? सगळंच खुडतोयस."

"एक फळ ठेवलं तरी झाड त्यातच जीव घालेल," तो खाली न बघता म्हणाला. "मोकळं केलं तर तगेल. असं मला वाटतं. नक्की नाही."

"तुझं कधी काय नक्की होतं? तुझं नक्की होईपर्यंत बिचारी फेलिसा दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली."

तो हसला. हा टोमणा तो तरुणपणापासून ऐकत आला होता.

ओरोसिया बांधावर टेकली. आपला विचार तिने सरळ सांगितला. तिची झाडं म्हातारी, ती स्वतः म्हातारी. यंदा जेवढं खुरटं फळ हाती लागेल तेवढं ती घेणार. पुढे झाडं वाळली तर वाळली. मग तिने आवाज उतरवला.

"पण तू पुढच्या सालासाठी झाडं राखतोयस, एलादिओ. कुणासाठी?"

त्याची मूठ हिरव्या, टणक फळांनी भरलेली होती. शिडीखाली त्यांचा सडा पडला होता, आणि कोवळ्या देठांचा कडवट वास गरम हवेत तरंगत होता. किती दिवस आपण हे करतोय, आणि एकदाही स्वतःला हे विचारलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

"आरासेलीसाठी," तो म्हणाला.

"होआकिनच्या पोरीसाठी? तिला विचारलंस का?"

"तिनेच विचारलंय. बदाम फुलले होते तेव्हा."

आता दुसरा टोमणा येणार म्हणून तो थांबला. आला नाही. ओरोसियाने बांध ओलांडला आणि त्याच्या हातातली टोपली घेतली.

"उतर. घरी जा आणि लिही. उरलेली झाडं मी खुडते. माझी फळं कुठे पळून जात नाहीत."

खिडक्या लावून, अर्ध्या अंधारात त्याने लिहिलं. या वेळी चुलीकडे बघितलं नाही.

'यंदा आपल्या बागेत फळ नाही, एकही नाही. मीच काढून टाकलं. झाडं जिवंत आहेत. या हिवाळ्यात बर्फ पडेल का, कुणाला सांगता येत नाही. वारा डोकं उठवतो. धुकं बसलं की दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. हे खरं आहे. झाडं तुझ्या भरवशावर राखली, हेही खरं आहे. जगता येईल का, ते मला अजून कळलेलं नाही. मी जगलो एवढंच सांगू शकतो. छाटणी जानेवारीत असते. यायचं ठरलं तर तेव्हा ये. माझी कात्री तुझ्या हाताला मोठी पडेल, तुझी घेऊन ये.'

ऊन कलल्यावर तो चौकातल्या टपालपेटीपाशी गेला. वाटेवरच्या सगळ्या बागा मुक्या होत्या. कागद कुठेच सळसळत नव्हता. पाकीट फटीत अर्धं सरकवून तो सवयीने थबकला. मग बोटं सैल केली. आत, रिकाम्या पेटीच्या तळाशी, ते पडल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं.